ज्योतीमागचा टेम्पो

भाद्रपद लागला की आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या मागून बुटांचा वास यायला लागतो. आता तिथं बूट नाहीत. फ्रिजही बदलला. तरी पाऊस दमून असा रेंगाळायला लागला, दुपारी थोडा वेळ लख्ख ऊन आणि शाळा सुटायच्या वेळेला पुन्हा भुरभुर असं सुरू झालं, की मी दूध काढायला दार उघडते आणि तो वास येतोच. ओला कापूस, रबर आणि वर्तमानपत्राची शाई. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणतो, "तुझं नाक दाखवून ये एकदा डॉक्टरला." डॉक्टरकडे जायची गोष्ट तो आता इतक्या सहज काढतो, याचंच मला हसू येतं.

काल विश्रामबागच्या चौकात सिग्नलला थांबले होते. भरतीची तयारी करणारी दोन पोरं शेजारून पळत गेली. टाचा चिखलानं भरलेल्या, बुटांतून प्रत्येक पावलाला पच् पच् आवाज. सिग्नल सुटला, मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले, आणि मी आपली त्या आवाजामागं मान वळवून बघत बसले. त्या वर्षीचा अख्खा पावसाळा त्या पच् पच् मधे होता.

त्या वर्षी आमच्या घरात मॅरेथॉन शिरली. अर्धी मॅरेथॉन, पण घरात शिरायला अर्धी काय आणि पुरी काय. नवरा, म्हणजे दिलीप, आषाढातल्या एका संध्याकाळी बुटांचा खोका काखेत मारून आला. चारचौघांत मी त्याला अहो म्हणते, लिहिताना तो म्हणते. कारण मी लिहिते ते सासूबाई वाचत नाहीत, आणि तो वाचतो पण तक्रार करायची हिंमत करत नाही. खोक्यातून त्यानं भगवे बूट काढले, फरशीवर ठेवले आणि म्हणाला, "साताऱ्याच्या शर्यतीत नाव दिलंय. घाट चढून उतरायचा."

मी भूगोल शिकवते. यवतेश्वराचा घाट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं आधी समोच्च रेषा येतात, एकमेकींना चिकटलेल्या, बोट ठेवायला जागा नाही अशा. सांगलीच्या नकाशात त्या रेषा शोधाव्या लागतात. आमचं गाव पाटासारखं सपाट. पावसाचं पाणी कुठल्या बाजूला वाहून जावं हे पाण्यालाच ठरवता येत नाही, म्हणून ते घरात येतं. अशा गावात राहणारा, पाटबंधारे खात्यात खुर्चीवर बसणारा, पोटाचा घेर पँटच्या वर आलेला माणूस घाट चढणार होता. मी हसायला हवं होतं. मी हसले नाही, कारण तो हे का करतोय ते मला त्याच क्षणी कळलं होतं.

दिलीपचा थोरला भाऊ विलास. मी त्यांना भाऊजी म्हणायचे, दिलीप दादा म्हणायचा. आष्ट्याला घरचा ऊस तेच बघत. हे बूट यायच्या दोन वर्षं आधी माघात ऊसतोड चालू असताना ते शेतातच गेले. सकाळपासून छातीत जळजळतंय म्हणत होते. सासूबाईंनी घरी चल म्हटलं तर म्हणाले, "पित्त झालंय. एवढी खेप भरून जाऊ दे, मग येतोच." ट्रॉली भरली. कारखान्याकडं गेलीसुद्धा. भाऊजी बांधावर टेकले ते टेकलेच. त्यांचं त्या वेळी जे वय होतं, त्या वयाला आता दिलीप आला होता.

हे घरात कोणी बोललं नव्हतं. पण दिलीप रात्री जेवल्यावर छातीवर तळवा ठेवून बसायचा, आणि मी खोलीत आले की तो हात शर्टाच्या खिशाकडं न्यायचा, जणू पेन शोधतोय. मी म्हणायचे, तपासून घेऊ. तो म्हणायचा, हो. मग साहेब रजेवर असायचे, मग धरणातून पाणी सोडलेलं असायचं, मग डॉक्टरच गावाला गेलेले असायचे. एकदा तर आम्ही दवाखान्याच्या पायऱ्यांपर्यंत गेलो आणि तिथून भडंग घेऊन परत आलो. माझा नवरा भित्रा नाही. पुराच्या पाण्यात होडीतून लोकांना काढलेला माणूस आहे. पण त्या एका कागदावर डॉक्टर काय लिहील याची त्याला भीती होती, आणि ती भीती सांगायला त्याच्याकडं शब्द नव्हते. म्हणून त्यानं बूट आणले.

"घाट चढून आलो की झालं," तो म्हणाला. "डॉक्टर आणि काय येगळं सांगणार हाय?"

"आणि नाही चढून आलात तर?"

"आगं, तुळजापुरासनं ज्योत आणलीय म्या. पळत. घाट कुठल्या झाडाचा पाला!"

आता ही ज्योत सांगायला हवी, कारण सगळा घोटाळा तिथं आहे. आमच्याकडं नवरात्राच्या आधी गल्लोगल्लीची मंडळं देवीच्या ठिकाणाहून ज्योत आणतात. कोणी कोल्हापूरहून, कोणी तुळजापूरहून. मशाल पेटवायची आणि ती विझू न देता पळत आपल्या गावापर्यंत आणायची. आष्ट्याच्या त्या मंडळात दिलीप कॉलेजपासून आहे. लग्नानंतरच्या पहिल्या नवरात्रात सगळ्यांच्या तोंडून "तुळजापूर ते आष्टा पळत आलो" हे ऐकून मी चाटच पडले होते. एवढं अंतर! मनात म्हटलं, आपण माणसाशी लग्न केलं की घोड्याशी?

पुढच्या वर्षी मी स्वतः बघितलं. ज्योतीच्या मागं टेम्पो असतो. टेम्पोत गाद्या असतात, केळी असतात, गाणी लावलेली असतात, आणि बाकीची सगळी मंडळी असतात. एकजण मशाल घेऊन पळतो. दम लागला की तो मोकळा हात वर करतो. टेम्पोतून दुसरा उडी मारून उतरतो, मशाल घेतो, आणि पहिला टेम्पोत बसतो. पाणी पितो, केळं खातो, झोपतो. असं करत करत ज्योत गावात पोचते, आणि उतरलेला प्रत्येक जण अगदी खऱ्या मनानं सांगतो की मी तुळजापूरहून पळत आलो. ही थाप नसते. त्यांच्या हिशेबात ते सगळे मिळून एकच माणूस असतात. ते सगळं अंतर सगळ्यांचं असतं.

दिलीपचा ठरलेला टप्पा म्हणजे कवठे महांकाळच्या अलीकडचा माळ. सकाळची वेळ, सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना कणसं धरायच्या बेतात आलेली ज्वारी नाहीतर नुसतंच कुसळी गवत, आणि मेंढरं घेऊन निघालेली माणसं बाजूला थांबून ज्योतीला हात जोडतात. तिथला वारा पाठीमागून येतो, असं तो सांगतो. म्हणजे वारा पाठीशी, रस्ता सपाट, मागं टेम्पो. आणि शेवटचा टप्पा, फाट्यापासून गावातल्या देवळापर्यंतचा, तो भाऊजींचा. तो टप्पा पळताना भाऊजी कधी हात वर करायचे नाहीत.

तर अशी तयारी झालेला माणूस साताऱ्याला जाणार होता.

मुद्दाम केलेल्या तयारीबद्दल बोलायचं तर पहिला आठवडा चांगला गेला. तो पहाटे उठायचा, बुटांच्या नाड्या बांधताना एवढे उसासे टाकायचा की मी पण उठायचे. मग कोणीतरी ओळखीचं भेटायचं. विश्रामबागेत पहाटे फिरणाऱ्या माणसांत पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले लोक फार. ते याला थांबवून धरणात किती पाणी आहे ते विचारायचे. हा सांगायचा. मग चहा. घामाचा एक थेंब न येता तो परत यायचा आणि म्हणायचा, आज चांगलं पळणं झालं. चढाचा सराव म्हणून त्यानं रेल्वेचा उड्डाणपूल शोधून काढला. सांगलीत चढ म्हणाल तर तोच. तो पूल एका दमात चढून आला त्या दिवशी त्यानं आष्ट्याला फोन करून सांगितलं होतं.

श्रावणात नदी फुगली. त्याच्या सुट्ट्या बंद झाल्या, दिवस दिवस तो नदीच्या घाटावर आणि बंधाऱ्यांवर. बूट ओले, मोजे ओले, मग ते फ्रिजच्या मागं. तिथनं गरम हवा येते हा त्याचा शोध. वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवलेले ते दोन भगवे बूट मागून डोकवायचे आणि मी कोशिंबिरीचं दही काढताना श्वास रोखून धरायचे. पाणी ओसरलं तर गणपती आले. गौरी आल्या. आष्ट्याला गौरीच्या जेवणाला बसल्यावर पुरणपोळीला नाही म्हणायची पद्धत नाही, आणि पळणाऱ्याला ताकद लागते असं कोणीतरी म्हटल्यावर तर मुळीच नाही. शाळेत मुली तेरड्याच्या जुड्या घेऊन यायच्या, फळ्यावर मी घाटाचा नकाशा काढायचे. रेषा दाट तिथं चढ, विरळ तिथं सपाटी. "बाई, हे कुठलं?" एका मुलीनं विचारलं. मी सांगितलं, साताऱ्याजवळचं. घरी येऊन तोच नकाशा दिलीपला कागदावर काढून दाखवला. तो म्हणाला, "मला काय नकाशावर पळायचं न्हाई." मी कागद घडी करून ठेवला.

मला राग यायचा, आणि रागाखाली भीती असायची. त्या महिन्यात मी झोपेत त्याचा श्वास ऐकायचे. मधेच घोरणं थांबलं की माझा हात जायचा. तो कूस बदलून म्हणायचा, "हाय, हाय." बस, एवढंच. मग दोघंही जागे, आणि दोघंही झोपल्याचं सोंग करून पडलेले.

सासूबाईंना मी सांगितलं नव्हतं. पण पळण्याची बातमी आष्ट्याला पोचलीच होती, आणि शर्यत पितृपंधरवड्यात येतेय हे त्यांनी बरोबर हेरलं. आदल्या दिवशी त्या एसटीनं सांगलीत येऊन दारात उभ्या. काखेत पिशवी. पिशवीत दशम्या, कापसाची पुडी आणि पाण्याची एक जुनी पितळी फिरकीची बाटली.

"आई, तुम्ही कशाला दगदग केलीत?"

"पंधरवड्यात एकट्याला घाटात सोडायचा न्हाई," त्या म्हणाल्या आणि चप्पल काढून आत आल्या.

साताऱ्याला आम्ही स्टँडजवळच्या एका लॉजवर उतरलो. सकाळी बाहेर पडलो तर सगळं गाव उठून रस्त्यावर आलेलं. अजिंक्यताऱ्यावर ढग बसलेला. हलगी वाजत होती, शाळेच्या पोरी लेझीम घेऊन उभ्या, एक आजोबा आपल्याच ओट्यावरून पळणाऱ्यांना खडीसाखर वाटत होते. पळणारी माणसं काय एकेक! अंगाला घट्ट बसलेले कपडे, डोळ्यांवर काळे चष्मे, हातापायांवर पट्ट्या, एका जागी उभी राहून उड्या मारताहेत. त्यांच्यात आमचा माणूस मंडळाचा टी-शर्ट घालून. पाठीवर देवीचं चित्र, आणि चित्राखाली, पोटाच्या मागच्या बाजूला, घडी पडलेली. बूट मात्र एकदाचे वाळले होते.

सासूबाईंनी त्याच्या कपाळाला कुंकवाचं बोट लावलं. तो वाकला. मी काहीतरी हलकंफुलकं बोलायचं ठरवून आले होते, ते आठवेना. त्याच्या खिशात साखरेच्या गोळ्या घातल्या. तो म्हणाला, "येतोच जाऊन." आणि "येतोच" हा शब्द आमच्या घरात त्यापूर्वी कोणी बोलला होता ते मला माहीत होतं. सासूबाईंनाही माहीत होतं. त्यांनी पदर तोंडावर धरला आणि गर्दी हलली.

एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली आम्ही दोघी पायरीवर बसलो. माणसं जाताना एकदा आणि येताना एकदा तिथूनच जाणार होती. सासूबाईंनी पुडी काढली आणि मांडीवर वाती वळायला घेतल्या. नवरात्र तोंडावर आलेलं. कापसाचं बोंड ओढायचं, मांडीवर तळव्याखाली एकदा पुढं, एकदा मागं, आणि वात तयार. समोरून चहावाला जात होता, एक कुत्रं ओल्या रस्त्यावर पडलेली केळ्याची सालं हुंगत होतं, दूर लाउडस्पीकरवर कोणीतरी सारखं अभिनंदन करत होतं. सगळं कसं जत्रेसारखं चाललेलं, आणि माझं लक्ष सासूबाईंच्या तळव्याकडं. तो हात चालू आहे तोवर सगळं ठीक आहे, असं मी स्वतःशीच ठरवून टाकलं होतं.

पुढची माणसं उतरून परत यायला लागली. हडकुळी, वाऱ्यासारखी. लोक टाळ्या वाजवत होते. मग जरा जाड माणसं आली. मग बायका आल्या, हसत, एकमेकींचे हात धरून. दिलीप नव्हता. ढग खाली आला आणि भुरभुर सुरू झाली. आणि मग घाटाच्या दिशेनं, उलटी, आवाज करत अॅम्ब्युलन्स गेली.

सासूबाईंचा हात थांबला.

मी मोबाइल काढला. त्याचा लागेना, घाटात लागत नाही हे मला माहीत होतं, तरी मी लावत राहिले. त्या वेळी मी देवाला काय काय कबूल केलं ते मी लिहीत नाही, कारण त्यातलं बरंचसं अजून फेडायचं राहिलंय. आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. अनोळखी नंबर म्हणजे काय असतं ते आष्ट्याच्या बांधावरून आलेल्या फोनमुळं आम्हाला कळलेलं होतं. मी तो नुसता बघत राहिले. सासूबाई म्हणाल्या, "घे." मी घेतला.

"आगं, मी बोलतोय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो? मंजिरी? ऐकायला येतंय का? ड्रायव्हरच्या फोनवरनं बोलतोय."

"कुठं आहात?"

"टेम्पोत."

"काय?"

"टेम्पोत बसलोय. शर्यतीच्या मागनं पाण्याचा टेम्पो असतोय न्हवं का, त्यात. केळी हायत हितं."

मी रस्त्यावर, लोकांसमोर, मोठ्यानं हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. सासूबाई माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी "टेम्पो" एवढंच म्हणाले आणि हातानं बसल्याची खूण केली.

"बसला व्हय?" त्या म्हणाल्या. "टेम्पोत?"

मी मान हलवली. त्यांनी डोळे मिटले. मग मांडीवरची अर्धवट वात उचलली, पूर्ण वळली आणि पुडीत ठेवली. अॅम्ब्युलन्स कोणासाठी गेली होती ते पुढं कळलं: एका पोराचा पाय मुरगळला होता, तो मजेत बसून खाली आला.

टेम्पो आला तेव्हा रस्ता निम्मा रिकामा झाला होता. पाण्याच्या रिकाम्या खोक्यांवर आमचा माणूस बसलेला, भिजलेला, चेहरा पांढरा, हातात केळं. त्याला खाली उतरताना बघून दोन-तीन पोरांनी टाळ्या वाजवल्या, चेष्टेनं नव्हे, नुसत्याच. त्यानं मान खाली घातली. आणि सासूबाई बाटली घेऊन पुढं झाल्या.

आमच्याकडं ज्योत गावात शिरली की बायका तांब्या घेऊन वेशीवर उभ्या असतात. ज्योत आणणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालायचं, कुंकू लावायचं, मग पुढं जाऊ द्यायचं. भाऊजींच्या पायांवर दर वर्षी सासूबाईच पाणी घालत. त्यांनी आष्ट्याहून आडाचं पाणी आणलं होतं ते पिण्यासाठी नव्हे, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी बाटलीची फिरकी उघडली आणि भगव्या बुटांवर पाणी ओतायला सुरुवात केली. एवढ्या कष्टानं वाळवलेल्या बुटांवर.

दिलीप मागं सरकला. "आई, आगं काय करतीस? मी पोचलो न्हाई. मधनंच बसून आलोय."

"ज्योत आणणारी बी बसूनच येत्यात की."

"ती येगळी गोष्ट..."

"काय येगळी न्हाई." त्यांचा आवाज चढला. रस्त्यावरची माणसं बघायला लागली. "तुझा दादा बसला न्हाई. एवढी खेप भरू दे म्हणला, एवढी खेप भरू दे. मी बांधावर हुबी राहून सांगत हुते, बस रं जरा, बस. त्यो बसला न्हाई." मग त्यांनी उरलेलं पाणी त्याच्या दुसऱ्या पायावर ओतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तू बसलास. लय झालं."

दिलीप ओल्या रस्त्यावर आईच्या पायांशी बसला आणि लहान मुलासारखा रडला. लग्नाच्या इतक्या वर्षांत मी त्याला असं रडताना बघितलं नव्हतं, भाऊजी गेले तेव्हासुद्धा नाही. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

घाटात काय झालं ते त्यानं परत येताना गाडीत सांगितलं, कराडच्या पुढं, दोन्ही बाजूंना ऊस दिसायला लागल्यावर. पहिलं वळण तो पळत चढला. दुसऱ्या वळणाला छातीवर कोणीतरी पोतं ठेवल्यासारखं झालं. तो थांबणार होता, पण तोंडातून आपोआप निघालं, "एवढं वळण जाऊ दे." वळण गेलं. पुढं आणखी एक वळण. "आता एवढंच." डाव्या हाताला खाली सगळा सातारा धुक्यात, वर तेरडा फुललेला, पळणारी माणसं बाजूनं निघून चाललेली, आणि आपल्याच तोंडून दादाचा आवाज येतोय हे त्याला कळलं. तरी पाय थांबेनात. घरात थांबायची सवयच कोणाला नाही. तेवढ्यात मागून टेम्पोचा आवाज आला, पहिल्या गिअरमधला, घरघरणारा, ज्योतीच्या मागं असतो अगदी तसा. आणि त्याचा हात वर गेला.

"मी केला न्हाई वर," तो म्हणाला. "आपोआप गेला."

मागच्या सीटवर सासूबाई झोपल्या होत्या, तोंड उघडं टाकून. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. या माणसाच्या तयारीला मी दोन महिने नावं ठेवली होती. ज्योतीचं पळणं म्हणजे पळणं नव्हे, असं त्याला चिडवलं होतं. ते खरंच होतं. त्या पळण्यानं ना त्याचा दम वाढला, ना पोट उतरलं. पण कॉलेजपासून दर वर्षी, त्या माळावर, वारा पाठीशी असताना तो एक गोष्ट करत आला होता: दम लागला की हात वर करायचा आणि लाज न वाटू देता टेम्पोत चढायचं. ही तेवढी तयारी त्याची पक्की होती. आपल्याकडं माणसाचं कौतुक करायचं तर आपण म्हणतो, हातातलं काम पुरं केल्याशिवाय उठला नाही. भाऊजींच्या दहाव्याला किती जणांनी हेच कौतुकानं सांगितलं होतं. मी त्या दिवसापासून ते वाक्य कोणाच्या कौतुकासाठी वापरलं नाही, आणि वर्गात एखादी मुलगी पोटात दुखतंय म्हणून अर्धा पेपर ठेवून उठली तर मी तिला आधी पाणी देते.

सोमवारी तो स्वतःहून दवाखान्यात गेला. पायऱ्यांवर थांबला, माझ्याकडं बघितलं, आणि चढला. तिथं त्याला एका पट्ट्यावर पळवलं. बूट तेच, अजून ओलसर. मी बाहेर बाकावर बसून समोरच्या भिंतीवरचं हृदयाचं चित्र वाचत होते, नद्यांच्या नकाशासारखं दिसतं ते. मग पुढच्या तपासण्या झाल्या. एका रक्तवाहिनीत अडथळा होता. फार नव्हता, गोळ्यांवर भागेल म्हणाले, मीठ कमी, चालणं रोज. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, त्या दिवशी घाटात छातीवर दाब आल्यावर तुम्ही काय केलंत? दिलीप म्हणाला, टेम्पोत बसलो. डॉक्टर म्हणाले, "शहाणे आहात." सांगलीतल्या कोणीही माझ्या नवऱ्याला हे याआधी म्हटलं नव्हतं.

कागद हातात घेऊन बाहेर आलो तर त्याचा चेहरा इतका मोकळा झालेला, जणू डॉक्टरांनी काहीच नाही असं सांगितलंय. आजार निघाला आणि माणूस हलका झाला. आम्ही कोपऱ्यावर उभं राहून चहा घेतला, बिनसाखरेचा. त्या रात्री तो गाढ झोपला. मी सवयीनं हात पुढं केला, तर त्यानं "हाय" म्हणायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत.

आता "टेम्पोत बसणं" हा आमच्या घरातला शब्द होऊन गेलाय. मी पेपर तपासता तपासता थकले की गठ्ठा बाजूला सारते आणि म्हणते, बसले बाई टेम्पोत. नवरात्रात तो अजून तुळजापूरला जातो. त्याच्या माळावर मशाल घेऊन थोडं अंतर चालतो, पळत नाही, आणि हात वर करतो. फाट्यापासूनचा शेवटचा टप्पा तुम्ही घ्या म्हणून पोरांनी त्याला आग्रह केला होता. तो नको म्हणाला. तो टप्पा आता पोरं पळतात, मधे दोन वेळा हात बदलून, आणि ज्योत तशीच पेटती देवळात जाते.

शर्यतीनंतरच्या फाल्गुनात त्याचा वाढदिवस झाला. सासूबाई ओवाळायला बसल्या, निरांजन हातात, आणि मधेच थांबल्या. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळलं, कारण तेच माझ्याही मनात चाललं होतं. भाऊजींना जे वय बघायला मिळालं नाही, ते दिलीपला लागून गेलं होतं. धाकटा आता थोरल्याहून मोठा झाला होता. त्यांनी निरांजन पुन्हा फिरवलं आणि म्हणाल्या, "बस, बस. उठायची घाई करू नगंस."

आज सकाळी शाळेला निघाले तेव्हा भुरभुर थांबली होती. तो फिरायला गेलेला. कॉलेजच्या कोपऱ्यावरून वळताना मला तो दिसला, रस्त्याकडेच्या कट्ट्यावर एकटा, गुडघ्यांवर हात ठेवून, मान खाली घालून बसलेला. पूर्वी त्याला असा बसलेला बघितलं असतं तर माझ्या हातून गाडी सुटली असती. मी गाडी बाजूला घेतली आणि लांबूनच बघत राहिले. त्यानं बुटाची नाडी बांधली, पाणी प्यायला, आणि तरीही उठला नाही, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडं बघत आरामात बसून राहिला. शाळेची घंटा व्हायला आली होती. मी हाक मारली नाही. तो बसलाय एवढं डोळे भरून बघितलं आणि निघाले.